एका भेटीत एकच

इरीच्या तळ्याकाठी, पेनसिल्व्हेनियात,
तळं कुठं संपतं अन् रस्ता कुठं सुरू होतो
हे जानेवारीत फक्त फावड्याला ठाऊक.
आमच्या हॉटेलात सोळा टेबलं, एक सूप कायम गरम,
आणि डिसेंबरभर दारावर पाटी:
पन्नासचं कार्ड घ्या, दहाचं वर मोफत.

दरवर्षी पाच घेतो व्हर्लिन स्टोल्झ.
लिफाफे मीच देते, लाल फीतही मीच बांधते.
एक बर्फ उपसणाऱ्या पोराला,
एक औषधांच्या दुकानातल्या बाईला,
एक शेजारणीला, जिच्याशी तो बोलत नाही,
एक चर्चच्या पेटीत, नाव न घालता,
आणि एक भाचीला, टक्सनला,
जिथं आमचं हॉटेलच नाही.
तसं मी म्हटलं एकदा.
'कधी इकडं आलीच तर,' म्हणाला.

पन्नासाची सगळी वाटून टाकायची,
आणि वरची दहाची पाच, रबर लावून, खिशात.
ऊस वाटून चिपाडं राखणारा माणूस!
पहिल्या वर्षी मीही हसले होते.

दहाच्या कार्डाचे नियम त्याला पाठ, मला पाठ:
एका भेटीत एकच.
दारूवर नाही. सुट्टे परत नाहीत.
एक जानेवारी ते अठ्ठावीस फेब्रुवारी.
म्हणजे पाच कार्डं, पाच दुपारी.
खिडकीचं टेबल, वाटीभर सूप, अर्धं सँडविच,
कर धरून नऊ डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट.
उरलेले बारा सेंट मालकाचे.
टीप मात्र रोख, दोन डॉलर, बशीखाली.
(बिल फुकट म्हणून वाढणारीही फुकट
समजणारे फेब्रुवारीत खूप येतात.
त्यांचे चेहरे मी विसरत नाही.)

यंदा पाचवी दुपार लांबली.
सत्तावीसला वादळ, अठ्ठावीसला रस्ता बंद.
एकोणतीसला तो आला, बूट झटकत.
हो, यंदा एकोणतीस होती.
चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस
कार्ड छापणाऱ्याला आठवला नव्हता.

मशीननं कार्ड ओढलं, विचार केला, नाही म्हणालं.
पुन्हा ओढलं. पुन्हा नाही.
ड्वेन, आमचा मॅनेजर, काउंटरमागून म्हणाला,
'माझ्या हातात असतं तर.'
सूप टेबलावर वाफाळत होतं.

व्हर्लिननं कोटातून लिफाफा काढला.
माझीच लाल फीत, न सुटलेली.
वर टक्सनच्या पोस्टाची पिवळी चिठ्ठी:
या पत्त्यावर कुणी राहत नाही.
'हे चालेल?'
चालेल म्हटलं. याला मुदत नसते.
त्यानं फीत बोटाभोवती गुंडाळली,
सोडली, पुन्हा गुंडाळली.
मग लिफाफा आत ठेवून नाणी मोजायला लागला,
आधी क्वार्टर, मग डाइम,
आणि मी उभी, कॉफीचं भांडं हातात जड होत.
बशीखालचे दोन डॉलर वेगळे.

मुदत संपलेलं कार्ड टेबलावरच राहिलं.
फेकायचं होतं, ॲप्रनच्या खिशात गेलं.
रात्री गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा
आणि खरवडायची पट्टी घरी विसरलेली.
काढलं ते. आडवं धरलं.
धार बरी होती अजून.
एवढासा चौकोन केला, डोळ्यांपुरता,
आणि त्यातून बघत
सावकाश घरी गेले.