फुली

लिहून घ्यायचं तर पेन्सिल आधी तासून आण, पोरा.
पक्षाच्या चाळिशीचा अंक काढताय,
तुम्हाला हवी जन्माची वेळ, जागा,
आणि ते झाड.
झाड होतं. नाही कशाला म्हणू?
पण सभा तिथे भरायची ती सावलीसाठी.
क्वीन्सलँडच्या त्या माळावर दुसरी सावली
मालकाच्या व्हरांड्यात होती.

मी, लव्हडे ट्रेगीर, स्वयंपाक्याची बायको.
दोनशे माणसांचा पाव, मटण, काळा चहा,
पिठातले किडे वेगळे.
मेंढ्या कातरणारे ते गडी
बोलायला राकट, पण तळहात
बाळंतिणीच्या गालासारखे मऊ;
लोकरीचा ओशटपणा दिवसभर मुरायचा त्यांच्यात.
गॅराहीने एकदा माझी रडकी पोर उचलली,
त्या हातांवरच ती झोपून गेली.
हे लिहिलंस तरी चालेल.

आता फुलीचं लिही.
संध्याकाळी मालक शेडमधून फिरायचा,
हातात लाल खडूची कांडी.
मेंढीच्या अंगावर जरा ओरखडा दिसला
की पाठीवर फुली.
ती मेंढी फुकट कातरली.
कधी ओरखडा नसायचाही.
पास्को म्हणायचा, आपल्या तोंडाला पानं पुसायला
याला एवढासा खडू पुरतो.

मग संप.
मग घोडेस्वार, बंदुका,
साखळ्या घालून नेलेली आमची माणसं.
आणि भूक, जिच्यावर तुम्ही लोक
एका ओळीच्या वर कधी लिहीत नाही.

नदीच्या वळणावर एका चिनी माणसाचा मळा होता.
अकरा आठवडे त्याची कावड आमच्या तंबूंपाशी टेकली:
कोबी, कांदे, कधी मुळे.
सगळं उधार.
वहीत उभ्या उभ्या अक्षरांत मांडून ठेवायचा.
सगळे त्याला जिमी म्हणत.
मी एकदा खरं नाव विचारलं.
तीनदा म्हणवून घेतलं त्याने माझ्याकडून,
तिसऱ्यांदा हसला.

संप मोडला त्या रात्री
कंदिलाभोवती नऊ जण बसले होते.
पास्को म्हणाला, बंदूक त्यांची, न्यायाधीश त्यांचा,
कारण कायदा त्यांचा.
कायदा जिथे शिजतो
तिथेच आपला माणूस बसवू.
कुणीतरी हसलं: कातरी घेऊन विधिमंडळात?
गॅराही म्हणाला, तिथेही लोकर पुष्कळ असेल.

पिठाच्या पिशवीचा कागद फाडून कलमं लिहिली.
पहिलं मजुरीचं.
दुसरं कामाच्या तासांचं.
तिसरं, फुली मारली तरी पैसे.
चौथं: चिनी माणूस आपल्यात नको,
ना कामावर, ना पक्षात.
नऊ हात वर झाले, मऊ मऊ.

ताटांत कोबी होता.

मला दिसला. मी डाव हातात घेऊन उभी होते.
मी म्हणाले,
आणखी वाढू का?

एवढंच म्हणाले मी. तेही लिही.

पुढे बारा वर्षांनी आम्हा बायकांना मत मिळालं.
सुतळीला बांधलेली पेन्सिल,
चौकोनात मारायची फुली.
हात थरथरला माझा.
त्या खडूची आठवण झाली,
आणि वाटलं, आता कांडी आपल्या हातात आली.
पास्कोच्याच नावापुढे मारली. निवडून आला.
वाईट माणूस नव्हता. मजुरी वाढली, तास कमी झाले,
माझी पोर शाळेत गेली ती त्याच्यामुळे.
बाहेर आले तेव्हा लक्षात आलं,
फुली निवडायलाही मारतात
आणि वगळायलाही,
आणि आपण एकीच्या आनंदात
दुसरी कधी मारली
ते कळतही नाही.

मळा तोवर ओसाड पडला होता.
जाताना तो वही माझ्याकडे ठेवून गेला.
चार पौंड, सात शिलिंग. मी वाचून घेतलं एकाकडून.
पक्षाच्या कचेरीत दोनदा नेली;
चहा चांगला पाजतात ते.

हे छापणार नाहीस. बरं.
झाडाचं चित्र छाप.
पण नाव तेवढं नीट उतरवून घे:
ली योक फून.
मी म्हणते, तू म्हण.

नाही. पुन्हा.