कुडी

जळगावच्या सोनारानं कुडी तीनदा लावून पाहिली,
मग चष्मा पुसला : "ताई, भोक गेलं कुठं?"
डावा कान माझा, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा.
आई घाईनं म्हणाली, "लहानपणी पडली हो झोक्यावरून."

पडलेच. मनिलाला, व्हिएंतियानला,
एकदा ताश्कंदच्या गोठल्या गवतावर
स्क्रममध्ये, दोन डोक्यांच्या फटीत डोकं खुपसून.
अकरा सामने. जिंकले दोन.
एकाचा फोटो पेपरात आला,
खाली नाव कॅप्टनचं.

बापू केळीचा घड खांद्यावर घेऊन
पाटाच्या चाऱ्या ओलांडत ट्रकपर्यंत पळायचे.
सालीला डाग पडला तर मजुरी कापायचे मालक.
माझा पहिला कोच विचारायचा,
पोरी, चेंडू असा कुशीत धरायला कोणी शिकवलं?

आता गुडघ्यात स्क्रू आहे,
सावद्याच्या शाळेत मुलींना शिट्टी वाजवून पळवते.

"दाबाची करून देऊ का?" सोनार म्हणाला.
आईनं उत्तर दिलं नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कान बोटांत धरला,
हळूच विचारलं,
"कोन्या मॅचमधी झालं हे? जितल्या का मंग?"

नाही, म्हटलं.

तरी तिनं दोन्ही कुड्या बांधून घेतल्या.