बूच फिरवण्याआधी

उणे वीसमधून काढलेली कुपी लगेच उघडायची नसते.
हे मला पहिल्या कुपीनं शिकवलं.
जुलै होता. बूच मी घाईत फिरवलं
आणि सागरमाळाच्या खिडकीतून कोल्हापूरची सगळी ओल
जणू तेवढ्यासाठीच टपलेली.
काचेच्या आत घाम, पांढऱ्या भुकटीचा चिकट गोळा,
फेलोशिपचे साडेअकरा हजार.

मगदूममामांनी गोळा उजेडात धरला.
ओरडले नाहीत.
"गुळव्याची पोर न्हवं तू?" एवढंच,
आणि ट्रे धुवायला गेले.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर आबा रव्याला तळहात लावून बसायचे.
ऊन ऊन रवा किलतानात बांधायचा नाही,
वाफ आत कोंडते, पावसाळ्यात गूळ पाघळतो.
व्यापारी टेम्पोचा हॉर्न वाजवायचा.
आबा म्हणायचे, "हवेच्या अंगाचा होऊ दे की."

दुसरी कुपी सोमवारी आली, हैदराबादहून,
सुका बर्फ वाटेतच उडालेला, खोक्यात नुसता गारवा.
भुकटीला तेवढं चालतं.
पाण्यात विरघळली की मग तिचा जीव लहान.

आज ती चांदीच्या कागदात, डेसिकेटरमध्ये,
निळ्या खड्यांवर. खडे गुलाबी पडले होते,
मामांनी सकाळीच ओव्हनमधून परतून आणले,
फुटाण्यासारखे.
चाळीस मिनिटं. मी घड्याळ पालथं ठेवलंय.

पुस्तकात लिहिलंय, सहविकर एकट्यानं काही घडवत नाही,
घडवणाऱ्याच्या हाताशी असतो,
घेतो, पोचवतो, रिकाम्या हातानं परत येतो.
मी ही ओळ वाचते तेव्हा मामा
पिपेटच्या टोकांचा डबा भरत असतात,
एकेक करून, शहाण्णव.

काच कोरडी. मी बूच फिरवते.
काही होत नाही.
इतकं छान काही न होणं
मी बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही.

बफर गार, सामू सातच्या आत.
वीस नळ्या, प्रत्येकीत एका दिवसापुरतं;
वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.
तारीख, लॉट, माझी आद्याक्षरं
मार्करनं, जो गारठ्यात पुसतो,
म्हणून वरून चिकटपट्टी.

फ्रीजरच्या दारावर मामांची चिठ्ठी आहे:
लाईट गेली तरी दार उघडून बघू नये.
खाली कुणीतरी पेन्सिलनं: मग कळणार कसं?
त्याच्याही खाली, मामांच्याच अक्षरात:
कळतंय.