बहात्तर तास

बुधवारी डॉक्टर वैराटांनी
चंद्रीच्या मानेवरचे केस चार बोटं भादरले,
सुई टोचली.
म्हणाले, शनिवारी बघू.

शनिवार म्हणजे चाकणचा बाजार.
इस्माईलभाईंचा टेम्पो पहाटे पाचला,
डॉक्टर दहाला.
मधले पाच तास कुणाच्याच वहीत नव्हते.

शुक्रवारी रात्री बॅटरी धरून पाहिलं:
लिंबाएवढी गाठ.
हात लावला तर मान काढून घेतली नाही तिनं,
उलट पुढे केली,
खाजवतेय असं वाटलं असेल.

पहाटे भाईंनी रुमाल टाकला,
खाली माझी बोटं दाबली. चार, मग अर्धं.
मला वाटलं, सूज किती मिलिमीटर ते सांगतायत.
"कानातला बिल्ला निघतो हो, काकी."
त्यांच्या हातातून बोटं सुटेचनात,
का मीच सोडवत नव्हते.

दहाला डॉक्टरांनी चिमटा लावून मोजलं.
विकायची नाही. डेअरीला दूध नाही.
चिंचेखाली वेगळी बांधा.
किती दिवस?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी चिंचेखालून तीच आधी हंबरली.
धार काढली. बादली काठोकाठ.
ती घेऊन उभी राहिले,
कुठल्या बाजूला वळायचं ते न कळून.