अननसाचं पाणी

माझी थोरली बहीण लमदुआन
डबाबंद फळांच्या कारखान्यातून घरी येते
तेव्हा सायकलच्या मागे सालींची गोणी असते.
कारखान्याच्या लेखी कचरा.
गोणीमागून माश्यांची वरात,
पार प्राणबुरीच्या पुलापासून.

एक वाटी ताडगूळ, तीन वाट्या साली, दहा वाट्या पाणी.
"गळ्यापर्यंत भरू नकोस, त्याला श्वास लागतो,"
हे ती इतक्यांदा सांगते
जणू बाटलीत कुणी झोपलंय.
झाकणावर मार्करने तारीख.
मग तीन महिने नुसतं थांबायचं,
रोज रात्री झाकण जरा सैल करायचं: फुस्स.
एकदा विसरली, तर रात्री दोनला स्फोट.
कुत्रं विहारापर्यंत पळालं
आणि छताच्या पत्र्याला अजून चिकटलीय एक साल,
वाळून काळी, पालीसारखी.

मी हुआ हिनला हॉटेलात खोल्या साफ करतो.
आमच्याकडे निळं पाणी, हिरवं पाणी,
आणि एक पांढरं, ज्याच्यावर कवटीचं चित्र.
एकदा घाईत दोघांची गाठ घालून दिली
आणि चारशे सातच्या न्हाणीघराबाहेर
डोळे पुसत बसलो, घरचं कुणी गेल्यासारखा.
थोरलीने ऐकलं. काही बोलली नाही.
माझे हात उलटेसुलटे करून बघितले,
बाजारात मासळी बघतात तसे.

मुलीच्या बाळंतपणाला ती रायोंगला गेली
तेव्हा सात बाटल्या माझ्या गळ्यात.
रोज रात्री सात वेळा फुस्स.
फोनवर आधी त्यांची चौकशी, मग माझी.
नव्वदाव्या दिवशी चौकड्याच्या पंच्यातून गाळलं.
रंग कोऱ्या चहाचा,
वास आंबट, थोडा दारूचा,
थोडा बुद्धापुढच्या कालच्या हारांचा.

ओटा घासला, काचा पुसल्या,
पितळी तबक चिंचेच्या कोळाने उजळलं,
तोटीवरचा चुना लिंबाच्या फोडीने.
हुरूप आला.
अशा वेळी माणसाने थांबावं.

पडवीतल्या सिमेंटवर एक डाग होता,
ताटाएवढा, तेलाचा.
थोंगदी दाजी रोज तिथेच मोटारसायकल लावायचे.
ते गेले, मोटारसायकल विकली,
डाग राहिला, चार वर्षं.
मी तांदळाचा कोंडा पसरला, तेल ओढून घ्यायला,
वर अननसाचं पाणी, मग काथ्या,
दोन दिवस, गुडघ्यांवर.
निघाला.

ती आली. नातवाचे फोटो दाखवले.
बाटल्या हुंगल्या. "जमलंय," म्हणाली.
मग पडवीत गेली
आणि त्या जागेला वळसा घालून चालली,
चार वर्षं चालते तशी,
आणि वळणातच थांबली.
खाली कोरं सिमेंट.

"कशाने काढलास?"
"तुझ्याच पाण्याने."
"हं. म्हणजे या खेपेचं कडक उतरलंय."

रात्री तिने नवी बाटली भरली, तारीख टाकली.
मोरीपाशी जागा होती, जिन्याखाली होती.
तिने ती नेऊन ठेवली बरोब्बर तिथे,
पडवीच्या मधोमध, जिथे सगळ्यांना ठेच लागते.

आता झाकण सैल करायला मी बाहेर जातो
तेव्हा ती आतून विचारते,
"घेतला का त्याने श्वास?"
घेतला, मी म्हणतो,
आणि कुत्र्याला आत घेतो.