शिरोरेषा

बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या माळ्यावर माझं टेबल.
एक दिवा, दोन भिंगं,
जांभळा उजेड टाकणारी एक बॅटरी.
इथले लोक मला मिस्टर बेंडुरकर म्हणतात.
अरबीत प नाही, म्हणून पेंडूरचा मी
बेंडूरचा होऊन सत्तावीस वर्षं बँकेत
चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडत बसलो.
आता निवृत्त. आता नटनट्यांच्या ताडतो.

पोस्टरवरची सही सेक्रेटरीनं केलेली असते,
बहिणीनं केलेली असते, रबरी शिक्का असतो.
मेलेल्या नायकानं
मेल्यानंतर बाजारात आलेल्या पेननं केलेलीसुद्धा
पाहिली आहे मी.
खोटी सही सावकाश चालते,
परक्या घरात अंधारात चालावं तशी.
खरीला घाई असते. गाडी उभी असते तिची.

मंगळवारी जासिम आला. हातात बिस्किटांचा निळा डबा.
बाप उन्हाळ्यात गेला, यूसुफ,
मुहर्रकला उघड्यावरच्या थिएटरात मशीन चालवायचा.
डब्यात एक्केचाळीस फोटो, सगळे वनलताचे,
थिएटरच्या काचेत लावतात तसले,
कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.
प्रत्येकावर निळी सही, देवनागरीत.

वनलता डावखुरी होती.
इथल्या क्लबात आली तेव्हा
माझंच पेन घेतलं होतं तिनं.
आधी अक्षरं, मग वरची रेघ
उजवीकडून डावीकडे, एका झटक्यात,
भांडी विसळून झाल्यावर हात झटकावा तशी.
नकला करणारे इथेच सापडतात.

पहिला फोटो भिंगाखाली धरला.
रेघ उजवीकडून निघालेली.
तिथं शाईचा ठिपका,
डावीकडे बारीक होत गेलेलं शेपूट.
मनात आकडा मांडला: दोनशे दिनार.
गुणिले एक्केचाळीस.
जासिम माझ्या तोंडाकडे पाहत होता.
मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, म्हणाला,
मी विचारलं नव्हतं तरी.

मग आठवलं,
पेन परत देताना तिच्या करंगळीच्या कडेला
शाई लागली होती.
डावखुऱ्याचा हात स्वतःच्याच ओल्या अक्षरांवरून
फरपटत पुढं जातो.
इथं एकही अक्षर फासलेलं नव्हतं,
एक्केचाळिसांत एकही नाही.
उजवा हात. तरीही उजवीकडून.
पहिल्या फोटोवर ल तर चक्क उलटा,
आरशात पाहून काढल्यासारखा.
दहाव्यावर अडखळतो. तिसाव्यावर सुधारलाय.

"तुझे वडील हिंदी लिहायचे?"
जासिम हसला.
"बाबा काहीच लिहायचे नाहीत.
बँकेत अंगठा द्यायचे."

कदाचित माझ्याच काउंटरवर.
मीच शाईचा पॅड पुढं सरकवला असेल,
वर न बघता.

लिहिणं उजवीकडून सुरू होतं
एवढं त्याला दुकानांच्या पाट्यांवरून ठाऊक असणार.
उरलेलं त्यानं पोस्टरवरून उतरवलं असणार,
एक रीळ संपून दुसरं लावायच्या आधी,
मशीनमधून गळणाऱ्या उजेडात,
पाठीमागून प्रेक्षक शिट्ट्या मारत असताना.

माझ्या फॉर्मवर तीन रकाने आहेत:
सही कोणाची, सही सही आहे का, किंमत.
पहिल्यात लिहिलं, यूसुफ.
दुसऱ्यापाशी बराच वेळ बसलो.
खाली घड्याळांपैकी कुठलं तरी वाजलं, चुकीच्या वेळी.
तिसऱ्यात फोटोचे प्रत्येकी तीन दिनार लिहिले,
तपासणीचे दोन घेतले.
घेतले, खोटं कशाला सांगू. भाडं भरायचं असतं.

डबा बंद करताना त्यानं एक फोटो बाहेर ठेवला.
"यात बाबांचं नाव कुठं आहे?"
"नाव त्यांचं नाही," म्हटलं, "तिचं आहे."
"वाचून दाखवा."

मी बोट ठेवलं: व. न. ल. ता.
तो दुसऱ्या टोकाकडून बघत होता.