कोऱ्या पावत्या

दर महिन्याला तीनशे, कार्डावर.
अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा,
असं मीच म्हणायचे काउंटरवरनं, हसून.
हसायचं शिकवलं होतं हुबळीच्या ट्रेनिंगला:
दात दिसू देत, खरं हिरड्या नकोत.

निपाणीच्या 'भरघोस बझार'चं शटर
एका मंगळवारी उघडलंच नाही.
कुलपावर कागद, कन्नडात आणि इंग्रजीत.
बसाप्पा वॉचमननं मराठीत करून सांगितला.
त्याचा पगार तीन महिने थकलेला,
तरी शिट्टी गळ्यात, गर्दीला म्हणत होता
लाईन धरा, लाईन.
कशाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मालक कुणी बघितलाय?
मला बघितलंय.
म्हणून बायका माझ्या दारात आल्या,
तंबाखूच्या वखारीतनं सुटल्या तशाच,
पदराला तो शिंका आणणारा वास.
आक्काताईला कुकर घ्यायचा होता, पाच लिटरचा.
हौसाबाईनं फक्त विचारलं,
तूसुद्धा गं?
मी चहा टाकला. साखर उधारीची,
हे सांगितलं नाही.

मग बेंगळुरूहून साहेब आले, मोजायला.
फ्रीज मोजले, रॅक, ट्रॉल्या,
ट्रॉलीचं निखळलेलं चाकसुद्धा वेगळं लिहून घेतलं.
आम्ही चौदा जण भिंतीला लागून उभे.
आम्हाला मोजलं नाही.
म्हणाले, अर्ज करा, नंबर लागेल तेव्हा लागेल.
अस्सल पावती जोडा.

पावती!
आमच्या मशीनच्या कागदात शाई नसतेच,
नुसता चटका असतो.
चुलीजवळच्या डब्यात, ब्लाउजच्या आत, घामात
अक्षर सहा महिन्यांत उडून जातं.
हौसाबाईनं अकरा पावत्या मांडल्या पुढ्यात.
आठ कोऱ्या.
बल्बाखाली तिरक्या धरल्या मी,
कुठं एक तीन दिसला, कुठं शून्याची कड.

आता रोज संध्याकाळी उंबऱ्याला बसते,
बॉलपेन आणि दुरेघी वही.
दिसतंय ते उतरवते,
दिसत नाही ते आठवून:
ह्या महिन्यात तुम्ही नातवाला घेऊन आला होता,
ह्याला सुट्टे नव्हते, दहा रुपये मी घातले,
ही उरुसाच्या आदल्या दिवशीची.
खाली माझी सही, पूर्ण नावानं.
साहेब म्हणाले, ह्याला किंमत नाही.
नसंल.

रेहाना विचारते, तुझा पगार कुठल्या पानावर?
माझ्याकडं कागद नव्हताच कधी.
सात तारखेला मोबाईल वाजायचा,
तेवढंच.

काल मल्लव्वा आली. कार्ड नाही, पावती नाही,
पावसाळ्यात कौल फुटलं त्यात सगळं गेलं म्हणाली.
वहीकडं बोट केलं तिनं.
बरी, यव्वा, बरी.
तिच्या भाषेत, लिही.
माझ्या भाषेत काय, ते मी मनातच ठेवलं.
किती हप्ते, मावशी?
नऊ.
मी नऊ लिहिले.
मला आठच आठवत होते.